त्वचानिगा, वऱ्हाडातील

वाढत्या वयात त्वचा निरोगी, मऊ व लवचिक राहावी म्हणून तेल, उटणे, वनस्पतिज द्रव्ये, आहार, वस्त्रे व सावली यांच्या साहाय्याने घेतली जाणारी काळजी म्हणजे नैसर्गिक त्वचानिगा होय. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार वऱ्हाडाच्या, विशेषतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. कडक ऊन, कोरडी हवा, क्षारयुक्त पाणी आणि शेतातील कष्टाचे काम या चारही गोष्टी येथे त्वचेस प्रतिकूल आहेत. त्यामुळे शेतात राबणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर चाळिशीच्या सुमारासच वार्धक्याच्या खुणा दिसू लागतात. त्याच व्यक्तीच्या वस्त्राखालील त्वचा मात्र पुष्कळ तरुण राहिलेली असते. एकाच शरीरावरील या फरकावरून वार्धक्याच्या दृश्य खुणांपैकी बराचसा भाग वयापेक्षा परिस्थितीमुळे निर्माण होतो व तो टाळता येण्याजोगा असतो, हे स्पष्ट होते.

त्वचेचे वार्धक्य : त्वचेचे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन मुख्य थर असतात. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या कोशिका तयार होऊन त्या वर सरकत जातात व शेवटी मृत खवल्यांच्या रूपाने गळून पडतात. तरुणपणी या चक्रास साधारणतः चार आठवडे लागतात. उतारवयात ते मंदावते. सर्वांत वरच्या शृंगी थरातील कोशिकांमध्ये स्निग्ध पदार्थांचा लेप असून त्यामुळे शरीरातील पाणी बाहेर उडून जात नाही व बाहेरील त्रासदायक द्रव्ये सहजासहजी आत शिरत नाहीत. अंतस्त्वचेतील कोलॅजेन तंतूंमुळे त्वचेस बळकटी आणि इलॅस्टिन तंतूंमुळे लवचिकपणा येतो.

वयानुसार कोलॅजेनाचे प्रमाण हळूहळू घटते, त्वक्‌स्नेह ग्रंथी व घर्मग्रंथी यांचे कार्य मंदावते आणि त्वचा पातळ व कोरडी होते. स्त्रियांमध्ये ऋतुनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा ऱ्हास विशेष वेगाने होतो. या क्रियांस आंतरिक वार्धक्य म्हणतात व ते पूर्णपणे थांबविणारे कोणतेही द्रव्य ज्ञात नाही. याउलट ऊन, धूर, तंबाखू, कुपोषण व घर्षण यांमुळे येणारे वार्धक्य बाह्य होय. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी दीर्घ तरंगलांबीचे किरण अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. त्यांच्यामुळे कोलॅजेनाचे विघटन करणारी एंझाइमे अधिक प्रमाणात निर्माण होतात आणि खोल सुरकुत्या, सैलपणा व डाग उद्‌भवतात. भारतीयांच्या सावळ्या त्वचेतील मेलॅनीन हे रंजकद्रव्य काही अंशी संरक्षण देते. त्यामुळे गौरवर्णीयांच्या तुलनेत सुरकुत्या उशिरा येतात. परंतु काळे डाग, वांग व त्वचेचा असमान रंग हे बदल आधी दिसू लागतात.

प्रदेशाची वैशिष्ट्ये : अकोला व अमरावती ही शहरे सु. २१° उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या दहा दिवसांत मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर माथ्यावर येतो. त्या वेळी पावसाळी ढग आलेले नसतात व तापमान पुष्कळदा ४५° से.च्या वर जाते. त्वचेच्या दृष्टीने उष्णता व जंबुपार किरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. सातपुड्यातील चिखलदरा सु. १,१०० मी. उंचीवर असल्याने तेथील हवा थंड असते. पण उंचीबरोबर जंबुपार किरणांची तीव्रता वाढत असल्याने तेथील ऊन त्वचेस कमी अपायकारक असते असे नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा हे या प्रदेशाचे दुसरे वैशिष्ट्य आहे. या पट्ट्यातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारट असून त्यात साबणास फेस येत नाही. क्षारांशी संयोग पावून साबणाचा चोथा बनतो व तो अंगावर चिकटून राहतो. तो काढण्यासाठी अधिक साबण चोळला जातो आणि शृंगी थरातील स्निग्ध लेप धुऊन जातो. खारपाणपट्ट्यात अंग फुटणे, खाज सुटणे व त्वचा राखाडी दिसणे या तक्रारींस हवेइतकेच पाणीही कारणीभूत होते. पट्ट्यातील गावांना नळयोजनेचे गोडे पाणी मिळते तेथे निदान शेवटचे दोन तांबे त्या पाण्याचे घ्यावेत. जुन्या वाड्यांतून पावसाचे पागोळीचे पाणी साठविण्याची जी रीत होती, ती त्वचेच्या दृष्टीनेही हितकर होती. कारण असे पाणी क्षारविरहित असते.

अभ्यंग व तेले : अंगास तेल चोळण्याच्या क्रियेस आयुर्वेदात अभ्यंग म्हणतात. अष्टांगहृदयात अभ्यंगाचा समावेश दिनचर्येत केला असून तो जरा, श्रम व वात यांचा नाश करतो, असे म्हटले आहे. मस्तक, कान व पाय यांस तेल लावण्यावर तेथे विशेष भर आहे. तसेच कफविकार, अजीर्ण यांसारख्या अवस्थांत अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. तेल मुरल्याने घडा, कातडे व गाडीचा आस जसे टिकाऊ होतात तसे शरीर अभ्यंगाने होते, असा दृष्टांत चरकसंहितेत आढळतो. अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व गावोगावच्या तालमी यांमुळे मालिशीची परंपरा वऱ्हाडात दीर्घकाळ टिकून राहिली.

तेल त्वचेस ‘पोसते’ ही समजूत शब्दशः खरी नाही. तेलाचे मुख्य कार्य पाण्याचे बाष्पीभवन रोखणे हे होय. म्हणून ते कोरड्या अंगावर लावण्यापेक्षा स्नानानंतर अंग हलके टिपून, किंचित ओलसर त्वचेवर पातळ थराने लावल्यास अधिक उपयुक्त ठरते. सर्व तेलांचे गुणधर्म सारखे नसतात. करडईच्या तेलातील वसाम्लांपैकी सु. ७५ टक्के लिनोलिइक अम्ल असते. हे अम्ल शृंगी थरातील स्निग्ध लेपाचा घटक असल्याने असे तेल कोरड्या त्वचेस अनुकूल आहे. तिळाच्या तेलात ओलेइक व लिनोलिइक ही अम्ले जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात व त्यातील नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारकांमुळे ते लवकर खवट होत नाही. खोबरेल वऱ्हाडात पिकत नसले, तरी सर्वत्र वापरात असून त्याने त्वचा मऊ राहते. जवसाचे तेल हवेत लवकर सुकून चिकट पापुद्रा बनते. म्हणून ते अंगास लावण्यापेक्षा जवसाची चटणी खाणे श्रेयस्कर होय. कच्च्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. शुद्ध केलेले तेलच वापरावे. मेळघाटातील कोरकू व इतर वनवासी समाज मोहाच्या बियांचे तेल वापरतात. ते थंडीत थिजते व त्वचेवर दाट थर देते, त्यामुळे हिवाळ्यात भेगांवर उपयोगी पडते. मोहरीच्या तेलाने कोमल त्वचेचा दाह होऊ शकतो. तान्ह्या मुलांस व वृद्धांस ते लावू नये.

तळपायांच्या भेगांवर आमसुलाचे तेल, तसेच तेलात राळ व मेण वितळवून केलेले मलम हे जुने उपाय आहेत. त्यापूर्वी पाय वीस मिनिटे कोमट पाण्यात बुडवून कडक त्वचा दगडाने हलकेच घासावी. पाणी आणि नंतर तेल या क्रमाचे महत्त्व कुष्ठसेवेत विशेष दिसून येते. कुष्ठरोगात मज्जातंतूंस इजा होऊन घाम येणे बंद होते, त्वचा कोरडी पडून फाटते व बधिरतेमुळे जखम लक्षात येत नाही. अशा रुग्णांस हातपाय रोज पाण्यात भिजवून ओलसर त्वचेवर तेल लावण्यास शिकवितात. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ स्थापन केलेल्या तपोवन या कुष्ठधामामुळे वऱ्हाड या सेवेचे एक प्रमुख केंद्र बनले. बधिर पायाची ही निगा मधुमेही व वृद्ध व्यक्तींनाही तितकीच लागू पडते.

स्नान व उटणे : दिवाळीतील अभ्यंगस्नान ही परंपरा ऋतुमानाशी सुसंगत आहे. पावसाळा संपून कोरडी हवा सुरू होते त्याच सुमारास तेल लावण्यास प्रारंभ होतो. तेल लावून वर डाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा इ. द्रव्यांचे उटणे लावल्यास पीठ जादा तेल शोषून घेते व मळ निघतो. मात्र थोडा स्निग्धांश मागे राहतो. साबणात हा गुण नाही. परंतु कोरडे उटणे जोराने घासल्यास पातळ त्वचेवर ओरखडे उठतात. म्हणून साठीनंतर ते दूध वा साय यांत कालवून हलक्या हाताने लावावे. मुलतानी माती तेल शोषून घेते. तरुणांच्या तेलकट चेहऱ्यास ती योग्य असली, तरी वृद्धांच्या कोरड्या त्वचेस अयोग्य आहे. स्नानास कोमट पाणी वापरावे, साबण काख, जांघ व पाय यांपुरता मर्यादित ठेवावा आणि हिवाळ्यात कढत पाण्याने दीर्घकाळ स्नान करणे टाळावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. ते पाण्यात मिसळून लावावे, कारण कोरड्या हवेत नुसते लावल्यास ते त्वचेतीलच पाणी ओढून घेते.

वस्त्र व सावली : त्वचा तरुण ठेवण्याच्या उपायांत उन्हापासून बचाव हा सर्वांत प्रभावी उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे सु. ९०० प्रौढांवर केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साडेचार वर्षे रोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्या गटात त्वचेच्या वार्धक्यात मोजण्याइतकी वाढ आढळली नाही. महागडे मलम नियमित वापरणे शेतमजुरास शक्य नसते. वऱ्हाडात मात्र कापडाची परंपरा समृद्ध आहे. डोक्यास व कानास गुंडाळलेला दुपट्टा, कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि लुगड्यावर चढविलेला पूर्ण बाह्यांचा पुरुषी सदरा हा कापूस वेचणाऱ्या स्त्रियांचा पोशाख मुळात धूळ, काटे व बोंडांची टोकदार टरफले यांपासून बचाव व्हावा म्हणून रूढ झाला असला, तरी त्वचेच्या रक्षणासाठीही तो उत्तम आहे. कापड जितके घट्ट विणीचे तितके संरक्षण अधिक. जुने विरलेले पांढरे सुती कापड बरेच जंबुपार किरण आत जाऊ देते व घामाने भिजल्यास त्याचे संरक्षण आणखी घटते. खादीसारखे जाड व गडद रंगाचे कापड अधिक उपयुक्त होय. तिळेल वा खोबरेल लावल्याने ऊन थोपते, ही समजूत चुकीची आहे. त्यांपासून मिळणारे संरक्षण प्रत्यक्षात नगण्य असते.

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ऊन तीव्र असते. उन्हाळ्यात पहाटे कामास जाऊन दुपार निंबाखाली घालविण्याची जुनी रीत आरोग्यदृष्ट्या सर्वथा योग्य होती. मजुरीचे तास ठरविताना ती पाळली जाणे, हे मजुराच्या प्रकृतीप्रमाणेच त्याच्या त्वचेसाठीही कोणत्याही लेपापेक्षा अधिक मोलाचे आहे.

आहार : कोलॅजेनाच्या निर्मितीस क जीवनसत्त्व आवश्यक असते. वरूड, मोर्शी, अचलपूर या भागांतील संत्री हा त्याचा चांगला स्रोत असून आवळ्यात ते संत्र्याच्या कित्येक पटींनी असते. हे जीवनसत्त्व फळ खाल्ल्याने मिळते. वाळविलेल्या सालीच्या लेपातून ते त्वचेत पोहोचत नाही. ज्वारी हे वऱ्हाडाचे परंपरागत धान्य होय. दख्खनच्या पठारावरील केवळ ज्वारीवर निर्वाह करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायासिनाच्या अभावाशी निगडित विकार आढळत असे. १९६० मध्ये सी. गोपालन व श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. या विकारात नेमकी उन्हास उघडी असलेली त्वचा काळवंडून सोलवटते. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, ताक व अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या असल्यास ही उणीव भरून निघते. वऱ्हाडात विशेष प्रचलित असलेला खर्रा त्वचेसही घातक आहे. त्यातील सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर कडक होऊन जबडा उघडेनासा होतो, गाल ओढल्यासारखे दिसतात आणि पुढे कर्करोगही संभवतो. विडी-सिगारेटच्या धुराने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होऊन सुरकुत्या लवकर पडतात.

अपायकारक उपाय : जे नैसर्गिक ते निर्धोक, ही कल्पना या विषयातील सर्वांत मोठी चूक होय. मेळघाटात आढळणारा बिब्बा पायांच्या भेगांवर व दुखऱ्या सांध्यांवर घरोघरी लावला जाई. त्याच्या फळातील काळा रस तीव्र दाहक असून त्याने फोड, व्रण व कायमचे डाग उत्पन्न होतात. चेहऱ्याजवळ तर तो कदापि नेऊ नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्यांची सूर्यप्रकाशाशी प्रक्रिया होऊन त्वचा भाजते व काळे पट्टे उमटतात. बावचीच्या बियांतही अशीच प्रकाशसंवेदी द्रव्ये असून कोडावरील उपचारांत त्यांचा उपयोग होतो. तो वैद्यकीय देखरेखीखालीच करावा. गाजरगवत १९५० नंतरच्या दशकात पुण्याकडे प्रथम आढळले व पुढे राज्यभर पसरले. त्याच्या हवेतून उडणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे शेतकऱ्यांचा चेहरा, मान व कोपरांच्या खाचा यांवर चिवट इसब होते आणि कातडी जाड व सुरकुतलेली बनते. पुष्कळदा हा बदल वयाचा समजून दुर्लक्षिला जातो. कोरफड, हळद किंवा कडुनिंब यांचीही काही व्यक्तींस अधिहर्षता असते. म्हणून कोणतेही नवे द्रव्य प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून एकदोन दिवस वाट पाहणे इष्ट होय.

गोरेपणासाठी विकली जाणारी काही मलमे यांपेक्षा अधिक धोकादायक ठरतात. त्यांत स्टेरॉइडे किंवा पाऱ्याची संयुगे मिसळलेली आढळली आहेत. स्टेरॉइडामुळे प्रारंभी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. परंतु पुढे त्वचा कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात व मलम बंद करताच दाह होतो. गजकर्णावर अशी मिश्र मलमे लावल्याने तो तात्पुरता दबून पुन्हा अधिक पसरतो. सावळा वर्ण हा दोष नसून या अक्षांशावरील सूर्यापासून मिळालेले नैसर्गिक संरक्षण आहे.

शेतकाम व त्वचा : पावसाळ्यात चिखलात काम केल्याने पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घरी येताच पाय धुऊन बेचके कोरडे करणे हा त्यांवरील मुख्य उपाय होय. तेथे तेल लावू नये. कपाशीवरील फवारणीचा धोका अधिक गंभीर आहे. अनेक कीटकनाशके मेदविद्राव्य असल्याने ती अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात. भेगाळलेल्या त्वचेतून तर ती अधिक वेगाने शोषली जातात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले व शेकडो आजारी पडले. अखंड त्वचा ही केवळ सौंदर्याची बाब नसून प्राणरक्षक आवरण आहे, हे या घटनेने दाखविले. फवारणी वाऱ्याच्या दिशेस पाठ करून व सकाळी करावी; हातमोजे, पूर्ण वस्त्रे व तोंडावर संरक्षक पट्टी वापरावी, गळका पंप वापरू नये आणि काम संपताच साबण व भरपूर पाण्याने अंग धुऊन कपडे वेगळे धुवावेत. अंगास तेल लावल्याने विषापासून संरक्षण मिळत नाही.

वैद्यकीय सल्ला : घरगुती निगेची मर्यादा ओळखणे हाही निगेचाच भाग आहे. संवेदना हरपलेला फिकट किंवा तांबूस चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावरील बहुविध औषधोपचार शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतो व वेळीच घेतल्यास विकृती टळते. महिनाभरात न भरणारी जखम, आकार वा रंग बदलणारा तीळ, तोंडातील पांढरा चट्टा, अंगभर सुटणारी व रात्री वाढणारी खाज, तसेच मधुमेही व्यक्तीच्या पायावरील कोणताही फोड यांवर लेप लावून दिवस काढू नयेत. उन्हामुळे आलेल्या सुरकुत्या व डाग यांवर अ जीवनसत्त्वापासून बनविलेले रेटिनॉइक अम्ल परिणामकारक असल्याचे १९८० नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले आहे. परंतु त्याने त्वचा उन्हास अधिक संवेदनशील होते व गर्भवतीस ते वर्ज्य असल्याने ते तज्ञाच्या सल्ल्यानेच वापरावे. इतरांसाठी माथ्यावर सावली, अंगावर दाट कापड, गोड्या पाण्याचे स्नान, ओलसर अंगावर चमचाभर तेल आणि चौरस आहार एवढी निगा पुरेशी होते. ती कोणत्याही वयात सुरू करता येते. तथापि बालपणापासूनच उन्हापासून जपल्यास तिचा लाभ सर्वाधिक होतो.